बडबड्यांची यादी

सोमवार, १६ जून

आज मी शिक्षक झालो. कागदोपत्री 'तात्पुरता', पण कागदाचं काय घेऊन बसायचं. वर्गात शिरलो तेव्हा अडतीस पोरं उभी राहून एका सुरात 'गुड मॉर्निंग, डेल्फिन सर' म्हणाली आणि छाती अशी भरून आली, की हजेरीपट उलटा धरलाय हे दहा मिनिटांनी कळलं. तेही मला नाही, पहिल्या बाकावरच्या मुलीला कळलं.

माझा वर्ग चौथी जास्वंद. पलीकडे ओसिंग मॅडमची चौथी मोगरा. खरं तर खोली एकच आहे, मध्ये प्लायवूडची भिंत ठोकलीय. भिंत खाली जमिनीला टेकत नाही, वीतभर फट आहे, आणि पातळ इतकी की मोगऱ्यात कुणी शिंकलं तर जास्वंदीतली पोरं 'गॉड ब्लेस' म्हणतात.

हेडसरांनी सांगितलं की दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर ओसिंग मॅडमबरोबर बसायचं आणि आठवड्याचं नियोजन मिळून करायचं. मॅडम एकतीस वर्षं इथेच आहेत. उंची माझ्या खांद्याएवढी. माझा हा वर्ग गेल्या वर्षी तिसरीत त्यांच्याकडेच होता. मी आदरानं मान डोलावली. पण मनात म्हटलं, वर्गव्यवस्थापनाच्या पेपरात चौऱ्याण्णव मार्क मला पडलेत, त्यांना नाही.

ऑगस्टअखेर जिल्ह्याच्या सुपरवायझर डॉ. इम्पेरियल माझा तास बघायला येणार. त्यांचा शेरा चांगला पडला तर मी कायम. नाही तर पुन्हा माझं गाव ताबाको, पुन्हा इंगोमामाचं दुकान. इंगोमामा शवपेट्या करतो. शाळा-कॉलेजातल्या माझ्या सगळ्या सुट्ट्या त्या पेट्यांना पॉलिश मारण्यात गेल्या. तो वास अजून नाकात आहे, जेवताना भाताला येतो. मी मेलो तरी पुन्हा पॉलिश करणार नाही, असं परवा मामाला ठणकावून सांगितलं. तो म्हणाला, मेल्यावर कोण तुला करायला सांगतंय.

आत्ता त्याचा मेसेज आला. 'पहिला दिवस कसा गेला? तुझा ब्रश रॉकेलमध्ये भिजत ठेवलाय. लागला तर असावा.'

बुधवार, १८ जून

पोरं फार बोलतात. दोस्त-दोस्त शेजारी बसलेत, दुसरं काय होणार. आज सगळ्यांना उठवून आडनावाच्या क्रमानं बसवलं. हा उपाय पुस्तकातला आहे.

पुस्तक लिहिणारा या गावात आलेला नसावा. इथे सगळ्यांची आडनावं 'र'नं सुरू होतात. म्हणे स्पॅनिश साहेबानं आडनावं वाटताना एकेका गावाला एकेक अक्षर दिलं होतं. मी ताबाकोचा, तोर्दिया, हे मला ठाऊक असून डोक्यात आलं नाही. क्रम लावल्यावर पाच रेदोब्लादो एका बाकावर आले. ते सख्खे-चुलत आहेत, रात्री एकाच चटईवर झोपतात. काल निदान दोस्त होते, आज भाऊबंदकी झाली. रबरावरून मारामारी झाली आणि त्यात आजोबांच्या भाताच्या खाचराचाही विषय निघाला.

शुक्रवार, २० जून

पोट दुखतंय असं सांगून नियोजनाला गेलो नाही. ओसिंग मॅडम दोन खुर्च्या मांडून बसलेल्या दिसल्या. मी मागच्या दारानं गेलो. उगाच त्यांच्या हाताखाली आहोत असं व्हायला नको.

सोमवार, २३ जून

आजपासून माझी स्वतःची पद्धत सुरू.

फळ्याच्या कोपऱ्यात 'बडबडे' अशी यादी लिहायची रीत इथे प्रत्येक वर्गात आहे. सर बाहेर गेले की वर्गाची प्रेसिडेंट बोलणाऱ्यांची नावं लिहिते. पुन्हा बोललं की नावापुढे फुली. आमची प्रेसिडेंट म्हणजे प्रिन्सेस. नाव प्रिन्सेस, काम जमादाराचं. खडू कानावर असतो.

पण यादीला शिक्षा नाही, तर पोरं घाबरणार कशी? मी शिक्षा जोडली. इथे शाळा सुटल्यावर पोरंच वर्गाची फरशी घासतात. लाल मेण फासायचं, मग नारळाचं अर्धं सोडण, म्हणजे वरचं जाड साल, घ्यायचं, कापलेली काथ्याची बाजू खाली, वर पाय ठेवायचा आणि मागे-पुढे, मागे-पुढे, फरशीत तोंड दिसेपर्यंत. आजवर वारांप्रमाणे गट होते, प्रत्येकाची पाळी आठवड्यातून एकदा. मी गट रद्द केले. यापुढे फक्त यादीतल्यांनी घासायचं. पॉलिश म्हणजे काय यातना असते हे मला कुणी शिकवायला नको.

प्रिन्सेसनं हात वर केला. "सर, जो गप्प बसेल त्याला सोडण मिळणारच नाही?"

"कधीच नाही," मी म्हणालो.

वर्गातून लांबलचक 'हाऽऽ' असा सूर निघाला. चांगलीच दहशत बसली. मग तिनं विचारलं, नियम सगळ्यांना आहे का. मी म्हटलं, अर्थात. हेडसर बोलले तर हेडसरांचं नाव, मी ओरडलो तर माझंही. तिनं ते वहीत लिहून घेतलं. अशी शिस्तीची पोर वर्गात असणं हे भाग्य आहे.

शुक्रवार, २७ जून

यादीत सोमवारी नऊ नावं होती. मंगळवारी चौदा, काल एकवीस. आज प्रिन्सेसनं जागा पुरेना म्हणून तारीख पुसली. शिक्षा कमी पडतेय, म्हणून वाढवली. तीन फुल्या झाल्या की दोन दिवस घासायचं. व्हर्जिल रोंकिल्योनं पंधरा मिनिटांत तीन फुल्या मिळवल्या. निर्लज्ज पोरगा आहे, हसत होता.

फरशी मात्र चमकतेय. हेडसर सगळ्या शिक्षकांना घेऊन बघायला आले. मी मान लवून स्तुती घेतली. पोरं घासत असताना मी थांबत नाही. मेणाच्या वासानं मळमळतं. घंटा झाली की मी गेलो.

नियोजनाला डोकेदुखी सांगितली.

बुधवार, २ जुलै

एक शोध लागलाय, लिहून ठेवतो. गोंगाट हाताबाहेर गेला की मी बोलणं थांबवतो, हाताची घडी घालतो आणि एकटक बघतो. पाच मोजेपर्यंत वर्ग चिडीचूप. केवळ नजर! आज सहा वेळा करून बघितलं, सहाही वेळा यश. कॉलेजातले आमचे सर म्हणायचे की दहा वर्षांनी नजरेत ही ताकद येते. मला दोन आठवड्यांत आली.

खटकणारी गोष्ट एकच. नेमकं मी बघायला लागलो की ओसिंग मॅडम पलीकडून भिंतीवर ठोकतात. टक्. एकदाच. मी इतक्या मेहनतीनं शांतता आणायची आणि यांनी मध्येच आवाज करायचा.

मंगळवार, ८ जुलै

दुपारी टेबलावर हिरव्या झाकणाचा डबा होता. आत नारळाच्या दुधातली अळूची भाजी. ओसिंग मॅडमनी पाठवली म्हणे. मिरच्या अशा, की आपण या मुलखातले असून माझ्या डोळ्यांना धार लागली. शुक्रवारचा राग काढला असणार. सगळी खाल्ली. भाजी वाया घालवू नये.

भिंतीवर आज अकरा वेळा टक्. मी मोजले.

सोमवार, १४ जुलै

हेडसरांकडे लेखी तक्रार दिली. विषय: शेजारील वर्गातून भिंत ठोकण्याबाबत. हेडसरांनी दोनदा वाचली, चष्मा काढला, पुसला, तिसऱ्यांदा वाचली. मला म्हणाले की हे ओसिंग मॅडमना दाखवायचंच का, नक्की का. मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. ते बरं म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. त्यांना निर्णय घ्यायला जड जातं.

बुधवार, १६ जुलै

ठोकणं बंद. लेखी द्यावं ते यासाठीच.

शुक्रवार, १८ जुलै

नजर चालेनाशी झालीय. पाच मोजले, वीस मोजले, साठ मोजले. डोळ्यांतून पाणी आलं. पोरांना वाटलं मी रडतोय, दोघींनी येऊन रुमाल दिला. बाकीच्यांनी तेवढ्यात आणखी गोंगाट केला.

झोप कमी पडत असेल.

शुक्रवार, २५ जुलै

घसा पूर्ण बसला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, इथे घडे अडतीस आहेत आणि सगळे बोलतात. शिपायानं हिरव्या झाकणाचा थर्मास आणून ठेवला. आत आल्याचा गरम काढा, गूळ घालून. हेडसरांना काळजी दिसतेय. जाताना त्यांचे आभार मानले तर ते 'कसले' म्हणाले. मोठ्या मनाचा माणूस आहे.

मामाचा मेसेज: 'ब्रश छान मऊ झालाय.'

बुधवार, ६ ऑगस्ट

आज व्हर्जिल मधल्या सुट्टीत रडत माझ्याकडे आला. मी हातातला पाव बाजूला ठेवला. "सर, मी सकाळपासून बोलतोय," हुंदके देत म्हणाला, "आणि प्रिन्सेस माझं नाव लिहीतच नाही."

माझं मन हेलावलं. पोरगा आपण होऊन गुन्हा कबूल करतोय, शिक्षा मागतोय. म्हणजे माझी पद्धत आतून काम करतेय, फक्त बाहेर दिसत नाहीये. त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि माफ केलं, आज तुला घासायला नको म्हटलं. तो आणखी मोठ्यानं रडायला लागला. पश्चात्ताप असा असावा.

प्रिन्सेसच्या बाकावर हल्ली गुळात तळलेल्या केळ्यांच्या काड्या दिसतात. आज चार होत्या. घरची गरिबी आहे, वर्गातली पोरं आळीपाळीनं तिला खाऊ घालतात. ही माणुसकी कुठल्या पेपरात शिकवत नाहीत.

मार्लीन राझोन नावाची एक मुलगी आहे, शेवटच्या बाकावर. जूनपासून एक शब्द जास्तीचा बोललेली नाही. सगळा वर्ग तिच्यासारखा असता तर! आज तिचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. तिनं खाली मान घातली. लाजली.

बुधवार, २० ऑगस्ट

एक आठवडा उरला. पुढच्या बुधवारी डॉ. इम्पेरियल. आज यादीत तेहतीस नावं. माझ्या वर्गाचा आवाज रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानात ऐकू जातो, दुकानदारीणबाईंनी वेळापत्रक मागितलंय, म्हणजे दुपारी झोपायचं कधी ते ठरवता येईल.

खरं लिहितो, कारण ही वही कुणी वाचत नाही. मला भीती वाटतेय. आज तासाला फळ्याकडे तोंड करून उभा होतो आणि मागे वळायचं धैर्य होईना. मी चांगला शिक्षक नाही की काय? चौऱ्याण्णव मार्क चुकून पडले की काय?

शाळा सुटल्यावर ओसिंग मॅडमना शोधत गेलो. शाळेच्या मागे तीन विटांच्या चुलीवर त्या जुन्या डब्यात मेणबत्त्यांचे तुकडे वितळवत होत्या. रॉकेल घातलं, लाल रंग घातला, काडीनं ढवळलं. फरशीचं मेण. मला वाटायचं, ते दुकानातून येतं. दोन डबे भरले, एकावर 'मोगरा' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'जास्वंद'.

शब्द जुळवायला वेळ लागला. मी म्हणालो की त्या भिंतीचं जरा घाईनं झालं. त्या ढवळत राहिल्या. "तुझं बरोबर होतं, पोरा. वर्ग तुझा आहे."

मी म्हटलं, तरी त्यांना कधी ठोकावंसं वाटलं तर माझी हरकत नाही.

"लेखी दे," त्या म्हणाल्या.

चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मी निघालो तेव्हा मागून म्हणाल्या, "शाळा सुटल्यावर वर्गात थांबलायस कधी? पोरं सोडण मारतात तेव्हा?" मी वासाचं कारण सांगितलं. "थांब एकदा," त्या म्हणाल्या.

घरी येईपर्यंत विचार केला. मामाच्या धंद्यावरून टोमणा असावा.

मंगळवार, २६ ऑगस्ट

उद्याची तयारी पूर्ण. पाठ: अपूर्णांक. आठ गट, मोठे कागद, रंगीत पेनं. कोण काय बोलणार हे ठरवून दिलंय. वर्गाला हात जोडून विनंती केली की उद्या एक दिवस तोंड बंद ठेवा. व्हर्जिलनं विचारलं, मग उद्या सोडण कुणाला? मी म्हटलं, कुणालाच नाही, उद्या सगळे गप्प म्हणजे सगळ्यांची सुटका. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. समजूतदार पोरं आहेत.

मग एक काम केलं जे कुणाला सांगणार नाही. कागदावर लिहिलं: 'विषय: शेजारील वर्गातून भिंत ठोकण्याबाबत. कृपया ठोकावी ही नम्र विनंती. आपला, डेल्फिन तोर्दिया.' घडी घालून भिंतीखालच्या फटीतून मोगऱ्यात सरकवलं. उत्तर आलं नाही.

बुधवार, २७ ऑगस्ट

जसं झालं तसं लिहितो. एक जागा दुखतेय, त्याचं पुढे येईल.

डॉ. इम्पेरियल आणि हेडसर मागे बसले. डॉक्टरबाई सडसडीत, केस घट्ट बांधलेले, मांडीवर फॉर्म. पहिली दोन मिनिटं वर्ग स्वर्गासारखा. मी एक चतुर्थांश लिहिलं. तेवढ्यात व्हर्जिल उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "सर, मी बोललो." आणि बसला. प्रिन्सेसनं उठून नाव लिहिलं.

मग दुसरा उठला. "सर, मीही बोललो." मग पाचही रेदोब्लादो वयाच्या क्रमानं. कुणी भांडत नव्हतं, ओरडत नव्हतं, सगळे रांगेत आपली पाळी आली की उठत आणि कबुली देत. मागे राहिलेल्यांना वाटलं नंबर जाणार, मग त्यांनी एकदमच सुरू केलं. मी बोललो, मी आधी बोललो, मी काल संध्याकाळपासून बोलतोय. यादी चतुर्थांशाच्या अंगावर चढली. एक गट कागद फाडून बसला. डॉ. इम्पेरियल लिहीत होत्या, आणि मला त्या पेनच्या जागी ब्रश दिसत होता, रॉकेलमध्ये भिजलेला.

आणि मी ओरडलो. "गप्प!" असा ओरडलो की भिंतीचं प्लायवूड थरथरलं आणि वरच्या तुळईवरची पाल हेडसरांच्या पायाशी पडली.

वर्ग गार झाला. त्या शांततेत प्रिन्सेस उठली. कानावरचा खडू काढला, फळ्यापाशी गेली आणि यादीच्या तळाशी नीट अक्षरात लिहिलं: डेल्फिन सर. मग माझ्याकडे वळून थोडी वाकली, माफी मागितल्यासारखी, आणि जागेवर जाऊन बसली.

हेडसरांनी डोळे मिटले. डॉ. इम्पेरियलनी पेन खाली ठेवलं आणि प्रिन्सेसला विचारलं की ही यादी कसली.

प्रिन्सेस उभी राहिली. "मॅडम, यादीत नाव आलं की सोडण मारायला मिळतं. सोडणं सहाच आहेत, म्हणून लवकर बोलावं लागतं. आधी वारांचे गट होते, सगळ्यांना मिळायचं. सर आल्यापासून गप्प बसणाऱ्यांना मिळत नाही. मार्लीनला जूनपासून एकदाही मिळालेलं नाही. तिला बोलताच येत नाही ना, सगळ्यांसमोर."

मी शेवटच्या बाकाकडे बघितलं. मार्लीन आवाज न करता रडत होती.

मला तेव्हा कळलं. सगळं एकदम कळलं, केळ्यांच्या काड्यांच्या लाचेसकट. यांना ती शिक्षा नव्हतीच कधी. शिक्षा मला होती, मामाच्या दुकानात, एकट्याला, पेटीसमोर. मी माझी शिक्षा यांच्यावर लादायला गेलो आणि यांचा दिवसातला सगळ्यात मजेचा तास बडबड्यांना वाटून टाकला. आणि जी पोर माझं सगळ्यात जास्त ऐकत होती, ती दोन महिने बाकावर बसून बघत राहिली, वर मी तिचं कौतुक केलं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

शेरा गेलाच होता. मग घाबरायचं कुणाला? मी खाली बसलो आणि बुटांच्या नाड्या सोडल्या. नियम सगळ्यांना आहे, असं म्हणालो. कपाटातून सोडणं काढून पहिलं मार्लीनला दिलं, दुसरं मी घेतलं. चार उरली. बाकं भिंतीला लावा म्हटल्याबरोबर सगळ्या पोरांनी एकही शब्द न बोलता बाकं लावली. कोण कुठलं टोक धरणार हे ठरलेलं होतं. कधी ठरलं, कुणी ठरवलं, मला पत्ता नाही.

प्रिन्सेसनं खडूनं फरशीवर रेघा मारल्या. ती रोज मारत असणार. अर्धी, मग अर्ध्याची अर्धी, मग त्याचीही अर्धी. "सोडणं सहा," मी म्हटलं, "आणि भाग आठ. किती फरशी घासली जाईल?" व्हर्जिल म्हणाला, सहा अष्टमांश, सर, म्हणजे तीन चतुर्थांश, दोन भाग कोरडे राहतात, रोजचाच घोळ आहे. हा पोरगा जूनपासून अपूर्णांकात नापास आहे.

तेवढ्यात भिंतीखालच्या फटीतून काही तरी सरकत आलं. सोडण. त्यामागून दुसरं. आठ झाली. मग तिसरं, चौथं, येतच राहिली, आणि शेवटच्यावर माझा घडी घातलेला कागद होता. त्यावर लाल पेनानं 'मंजूर'.

आणि भिंतीवर: टक्.

सगळी पोरं एका क्षणात ताठ. माझी नजर नव्हती, म्हणजे कधीच नव्हती. टक्, टक्, ठेका सुरू झाला, मोगऱ्याची सगळी पोरं बाकं वाजवायला लागली आणि त्या ठेक्यावर माझा वर्ग निघाला. एक पाय सोडणावर, एक जमिनीवर, हात शेजाऱ्याच्या खांद्यावर, अर्ध्या रेघेपाशी वळायचं, दुसऱ्याला द्यायचं. कुणी कुणाला आपटत नव्हतं. मार्लीन सगळ्यात पुढे होती. ती पोर अशी घसरत जाते की बघत राहावं.

मी बघत राहिलो आणि फरशीच्या एका अष्टमांशावर पाठीवर आपटलो. पाठीवर म्हणजे त्याच्या जरा खाली. अडीच महिन्यांचं मेण होतं.

कुणी हसलं नाही. वर्ग माझ्याकडे बघत होता आणि मी डॉ. इम्पेरियलकडे. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"गुडघे वाकवा, सर," त्या म्हणाल्या. दिवसभरात मला उद्देशून त्या एवढंच बोलल्या.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

शेरा आला. हेडसरांनी बंद पाकीट दिलं आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले. मी तिथेच उघडलं.

'पाठाचं नियोजन: पाळलं गेलं नाही. सुदैवाने. वर्गव्यवस्थापन: वर्ग शिक्षकाला उत्तम सांभाळतो. सहकार्य: भिंतीच्या पलीकडून होते, अलीकडूनही व्हावे. एकूण: समाधानकारक. कायम करण्यास हरकत नाही.'

मी 'समाधानकारक' तीनदा वाचलं. हेडसर म्हणाले की त्या बाई हा शब्द वर्षातून दोनदा वापरतात. मग म्हणाले, आता तरी त्या थर्मासबद्दल योग्य माणसाचे आभार मान.

मामाला मेसेज केला. त्याचं उत्तर: 'मग ब्रश काढू?' मी लिहिलं, काढ. दोन मिनिटांनी: 'बरं झालं. तसाही तू कडा नीट मारत नव्हतास. मयताच्या मेणबत्त्यांचे तुकडे पोतंभर साठलेत, हवेत का?' ओसिंग मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, मेण ते मेण, पाठव म्हणावं.

आज नियोजनाला बसलो. दोन खुर्च्या, मधे हिरव्या झाकणाचा डबा. अळूची भाजी पूर्वीइतकीच तिखट होती. म्हणजे राग नव्हता, त्यांचा हातच तसा आहे.

सोमवार, १ सप्टेंबर

वारांचे गट पुन्हा सुरू. मी बुधवारच्या गटात, मार्लीनबरोबर. प्रिन्सेसनं विचारलं, मग बडबड्यांचं काय. मी म्हटलं, ज्याचं नाव यादीत, त्याची पाळी चुकणार.

दिवसभर वर्गात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. दुकानदारीणबाई चौकशीला आल्या, शाळेला सुट्टी आहे का.

बुधवार, ३ सप्टेंबर

आज माझी पाळी. दोन दिवस वाट बघत होतो. घरी चटईवर गुडघे वाकवायचा सराव केला.

दुपारी ओसिंग मॅडमनी फटीतून चिठ्ठी सरकवली, उद्याच्या गणिताचं काय. मी भिंतीला तोंड लावून उत्तर दिलं. त्यांनी पलीकडून विचारलं, मी आणखी सांगितलं, त्यात इंगोमामाच्या पोत्याचा विषय निघाला, मग त्यांच्या मोठ्या सुनेचा. दहा मिनिटं झाली असतील. मागे वळलो तर पोरं गप्प बसून माझ्याकडे बघत होती आणि प्रिन्सेस फळ्यापाशी होती. यादीत तीन नावं. व्हर्जिल, त्याची खोड जात नाही. डेल्फिन सर. ओसिंग मॅडम.

मी म्हटलं, आम्ही शाळेचंच काम बोलत होतो. प्रिन्सेसनं वही उघडली आणि तेवीस जूनचं पान माझ्यासमोर धरलं.

शाळा सुटल्यावर आम्ही तिघं बाहेर व्हरांड्यात बाकावर बसलो. आत ठेका सुरू झाला. दारातून मार्लीन जाताना दिसायची, मग येताना. मेणाचा वास येत होता आणि मला वाईट वाटत होतं, अगदी रडू येईल इतकं वाईट. व्हर्जिल पायानंच जमिनीवर मागे-पुढे करत होता.

"एकतीस वर्षांत पहिल्यांदा नाव आलं माझं," ओसिंग मॅडम म्हणाल्या. "तुझ्यामुळे."

मी सरकून त्यांना नीट बसायला जागा दिली. पुढचा बुधवार दहा तारखेला आहे.